‘काही समजलं नाही’ म्हणणारी माणसं

सत्तावीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारून पोट भरलं. कसं वाटलं? साबण कसा वाटला, बिस्किट कसं वाटलं, जाहिरातीतली सून कशी वाटली, आणि शेवटची दहा-बारा वर्षं, सिनेमा कसा वाटला. माझं काम नेमकं काय हे घरात कुणालाच कधी उमगलं नाही. थोरली वहिनी अजूनही सांगते, "आमची प्रज्ञा सर्व्हे करायची," आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी जनगणनेत होते. मीही दुरुस्त करत नाही. जनगणनेतल्या बाईला लोक निदान पाणी तरी विचारतात.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमा लागण्याआधी तो काही निवडक माणसांना फुकट दाखवतात. निवडक म्हणजे कुणी मोठी नव्हेत, तुमच्या-आमच्यातलीच. बोरीवलीच्या सोसायटीतलं एखादं कुटुंब, घाटकोपरच्या दोन मैत्रिणी, मुलुंडचे निवृत्त मास्तर. सिनेमा संपला की त्यांना वेफर्स आणि सँडविच द्यायचं आणि खात असतानाच पकडायचं. तोंडात घास असला की माणूस खोटं कमी बोलतो, हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

विचारणाऱ्या बाईचे नियम कडक. मान डोलवायची नाही. "हो का?" म्हणायचं नाही. कारण आपण मान डोलावली की समोरचा माणूस खूश होतो आणि त्याच दिशेने आणखी चार वाक्यं ठोकून देतो, मग ती त्याच्या मनात असोत की नसोत. तो जे बोलेल ते शब्दन्शब्द लिहायचं. त्याचं झालं असं वाटलं की विचारायचं, "आणखी काही?" मग मनात तीन आकडे मोजायचे आणि पुन्हा विचारायचं, "आणखी काही?" या दुसऱ्या "आणखी काही?" वर मी नव्या मुलींना अख्खा दिवस शिकवत असे. खरं बोलणं तिथेच निघतं.

हे झालं बाहेरचं काम. अंधेरीच्या ऑफिसात आलं की दुसरं काम सुरू. शेदीडशे लोकांची बोलणी वाचायला गिऱ्हाइकाला वेळ नसतो, त्याला आकडा हवा असतो. म्हणून प्रत्येक उत्तराला नंबर द्यायचा. गोष्ट आवडली म्हणाला, अकरा. गाणी आवडली, चौदा. लांबला, सव्वीस. समजला नाही, एकतीस. मग नंबर मोजायचे की झाला अहवाल.

आता मुलुंडची एक बाई टाल्कम पावडर "छान आहे" म्हणते आणि पुढे पानभर आपल्या जावेबद्दल बोलते, तर तिला नंबर कुठला? मी नोकरीला नवी असताना आमच्या तीन टेबलांवर त्या बाईला तीन वेगळे नंबर मिळाले. साहेब वैतागले. साहेब म्हणजे शहासाहेब, राहणार घाटकोपर, माणूस सज्जन पण आकड्यांचा भक्त. मी उठून म्हटलं, "साहेब, पहिलं वाक्य धरू या. माणूस पहिल्यांदा बोलतो तेच त्याचं मत, पुढचं सगळं गप्पा." साहेबांनी खूश होऊन टेबलावर हात मारला. तो नियम ऑफिसात लागू झाला तो पुढची वीस-पंचवीस वर्षं. किती मुली माझ्या हाताखाली तयार झाल्या, आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत, त्या सगळ्यांना मी हा नियम घोटून शिकवला. मला त्याचा अभिमान होता. होता, असं मुद्दाम लिहिते आहे.

निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं असताना मिलिंद राणे नावाचं गिऱ्हाईक आलं. पस्तिशीचा मुलगा, आजोबा कोकणातून गिरणीत आलेले, हे स्वतः बोरीवलीत वाढलेले. बाहेरच्या देशांतले सिनेमे विकत घेऊन इथे लावायचे, असा त्यांचा दोन भागीदारांबरोबरचा धंदा. त्यांनी एक जपानी कार्टून सिनेमा घेतला होता. कार्टून म्हटलं की त्यांना राग यायचा. "ताई, अॅनिमेशन म्हणा ना. कार्टून म्हटलं की माझे पार्टनर लगेच टिफिन-बॉक्सवरच्या चित्रांचा विचार करायला लागतात." सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. सही केलेला कागद अजून कुठेतरी फायलीत असेल आणि मी नियम पाळणारी बाई आहे.

सिनेमा स्वप्नांचा होता. समुद्रकाठचं एक गाव, त्यात बस चालवणारी एक बाई. तिच्या बसमध्ये जो कुणी डुलकी काढेल त्याचं स्वप्न सांडून बसमध्ये पसरतं. कुणाच्या स्वप्नातून छत्र्यांचं झाड उगवतं, कुणाच्या स्वप्नात शाळेच्या गणवेशातले मासे खिडकीशी बसायला भांडतात, एका कारकुनाच्या स्वप्नात त्याचा साहेब टाचणीएवढा होऊन कागदाखाली लपतो. हळूहळू एकाचं स्वप्न दुसऱ्याच्या अंगावर चढतं आणि कोण कुणाचं स्वप्न बघतंय तेच कळेनासं होतं. शेवटी ती बाई बस सरळ समुद्रात घालते. तिथे तळाशी घरं असतात, दिवे लागलेली. गेलेली माणसं आपापली कामं करत असतात. कुणी कपडे वाळत घालतंय, कुणी संत्रं सोलतंय. बस प्रत्येक घरापुढे थांबते, ती बाई हात वर करते, आतलं माणूस हात वर करतं, बस पुढे जाते. नऊ मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही, फक्त पाण्याचा आवाज.

राण्यांच्या भागीदारांना ती नऊ मिनिटं खुपत होती. त्यांचं म्हणणं, मुलं उठून जातील. हिंदी डबिंग होणारच होतं, त्यात शेवट दोन मिनिटांवर आणायचा आणि वर निवेदन घालायचं, की हे बघा, हे असं असं आहे. जपानी कंपनीने हिंदीपुरती तेवढी मोकळीक दिली होती, मूळ सिनेमाला मात्र हात लावायचा नाही अशी अट होती. राण्यांना नऊच्या नऊ मिनिटं हवी होती. तिघांत ठरलं की भांडायला नको, लोकांनाच विचारू. म्हणून आम्ही. तेवढ्यापुरता कामचलाऊ हिंदी आवाज चढवून सिनेमा तयार केला आणि शेवट मूळचाच ठेवून आम्ही तो चार ठिकाणी दाखवला.

इतकी मजा मला कुठल्याच सिनेमाला आली नव्हती. विक्रोळीला कारखान्याच्या वसाहतीतल्या क्लबात दाखवला तेव्हा एक निवृत्त फिटर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, एवढ्या पाण्यात टायर खाली राहणारच नाहीत, बस आधी तरंगेल. पंधरा मिनिटं ते टायरवर बोलले आणि मी पंधरा मिनिटं टायर लिहिले. मुलुंडच्या मास्तरांनी तात्पर्य काय हे विचारलं, मी सांगू शकत नाही म्हटल्यावर स्वतःच तीन तात्पर्यं काढली आणि तिन्ही खोडली. घाटकोपरच्या एका बाईंना एकच काळजी, बसला कंडक्टर का नाही. बोरीवलीत एक नऊ वर्षांची मुलगी बापाला समजावत होती, "पप्पा, ते खरं नाहीये, ते फक्त आहे," आणि बाप माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच तिला फितवलंय.

आणि एक चमत्कारिक गोष्ट सगळीकडे होत होती. मी विचारायची सिनेमा कसा वाटला आणि लोक मला स्वतःची स्वप्नं सांगायला लागायचे. लिफ्ट आडवी जायला लागते. परीक्षेला जातो तर वर्गात सगळे नातेवाईक बसलेले असतात. विहिरीत स्वयंपाकघर असतं. फॉर्मवर स्वप्नांना जागा नव्हती. पण शब्दन्शब्द लिहायचं हा नियम, म्हणून मी आणि माझ्या हाताखालच्या मुली फॉर्म उलटून पाठकोऱ्या बाजूला लिहीत गेलो.

हिराबाय मला अंधेरीच्या खेळाला भेटली. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, साठीची, सात बंगल्याच्या बाजारात मासळी विकणारी. आमच्या माणसं जमवणाऱ्या बाईंची ती नेहमीची कोळीण, म्हणून तिला बोलावलं होतं. दागिने घालून, नवं लुगडं नेसून आली होती. सँडविच तिने पिशवीत ठेवलं, घरी नेईन म्हणाली. मी विचारलं, कसा वाटला सिनेमा?

"मना काय समजला नाय, बाय."

मी लिहिलं. आणखी काही? तिने मान हलवली. मी तीन आकडे मोजले. आणखी काही?

मग ती बोलली. तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी होडीवर गेला तो परत आला नाही. काही सापडलं नाही. तेव्हापासून तो तिला स्वप्नात दिसतो, पाठमोरा बसलेला, जाळं शिवत. ती हाक मारते, तो वळत नाही, पण हात वर करतो. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणतील म्हातारीला लागीर झालं. "मना वाटलेला मनाच असा दिसते," ती म्हणाली. "त्या जपानवाल्यांना पन दिसते मंजे."

मग तिने विचारलं, हा सिनेमा थेटरात कधी लागेल? तिला सुनेला दाखवायचा होता. सून प्रमिला, घरात तिच्याबरोबर राहते, मासळीला मदत करते, पण सहा वर्षांत नवऱ्याचं नाव काढलेलं नाही. रडलीसुद्धा नाही म्हणे, सगळ्यांसमोर तरी. तिलाही दिसत असणार, हिराबाय म्हणाली, पण एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही. मी मान डोलावली नाही. नियम म्हणून नव्हे, मला ते सुचलंच नाही. सगळं मागच्या बाजूला लिहिलं आणि थँक्यूच्या चिठ्ठीवर ऑफिसचा नंबर असतो तो दाखवून म्हटलं, फोन करा, सांगेन.

फॉर्म ऑफिसात गेले. नंबर पडले. पहिलं वाक्य धरून. दहा दिवसांनी अहवाल तयार झाला आणि त्यावर माझी सही होती: बहुसंख्य प्रेक्षकांना शेवट समजलेला नाही, तो लहान करून निवेदन द्यावं. राणे अहवाल न्यायला आले तेव्हा उभ्याउभ्याच वाचला. "वाट लागली ना, ताई," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला आवडेल ते सांगायचं नसतं, जे आहे ते सांगायचं असतं. मी त्या संध्याकाळी ताठ मानेने घरी गेले.

तीन आठवड्यांनी ऑफिसच्या फोनवर हिराबाय. पिक्चर कधी लागणार? मी सांगितलं, लागेल, दिवाळीच्या सुट्टीत. तिने विचारलं, ती शेवटची पाण्यातली घरं आहेत ना? आणि मी, जी लोकांना खरं बोलायला लावते तीच, टाळाटाळ केली. म्हटलं, बघून सांगते.

फोन ठेवला आणि तिचा फॉर्म काढला. पहिली बाजू: समजला नाही, एकतीस. माझ्याच हाताखालच्या मुलीने घातलेला नंबर, माझ्याच नियमाने. उलटं केलं तर मागे माझ्याच अक्षरात पानभर. मागच्या पानाला नंबर नव्हता. मी एकतीस नंबरचा पुढचा फॉर्म काढला. बोरीवलीचे गृहस्थ: "काही कळलं नाही बुवा." आणि मागे, वडील गेल्यावर त्यांना पहिल्यांदा आज शांत वाटलं, बायकोला घेऊन परत येणार आहेत. पुढचा. "आपल्या डोक्याबाहेरचं आहे, यार." आणि मागे, शेवट संपूच नये असं वाटत होतं.

तो शनिवार होता, अर्ध्या दिवसाचं ऑफिस. सगळे घरी गेल्यावर मी चारही खेळांचे एकतीस नंबरवाले फॉर्म जमिनीवर पसरले आणि दुपारभर वाचत बसले. ज्यांना खरंच काही समजलं नव्हतं आणि कंटाळा आला होता, असेही होते, नाही असं नाही. त्यांचा गठ्ठा लहान झाला. मोठा गठ्ठा दुसरा होता. ही माणसं आधी "समजलं नाही" म्हणून हात झटकत होती आणि मग जे पोटात होतं ते बोलत होती. अनोळखी बाईसमोर एकदम पोटातलं कसं काढायचं? आधी आपण अडाणी आहोत असं सांगून टाकायचं, म्हणजे पुढे काही बोललं तरी कुणी हसत नाही. आपल्याकडे सगळे असंच बोलतात. माझी आईसुद्धा असंच बोलायची. आणि मी, याच माणसांतली, वीस-पंचवीस वर्षं त्यांचं दार उघडण्याचं वाक्य मोजत होते आणि घरात पाऊलच टाकत नव्हते.

माझे वडील वाशीमकडून विक्रोळीच्या कारखान्यात आले होते. रविवारी बुद्धविहारात वाचन व्हायचं, आणि घरी येताना ते मला विचारायचे, काय समजलं? मी घाबरून काहीतरी ठोकून द्यायची. ते म्हणायचे, "समजलं नसेल तर तसं सांग. मग सांग, काय वाटलं." त्या दुपारी जमिनीवर बसून मला ते आठवलं आणि रडू आलं. वडिलांना जे न शिकता कळत होतं ते मी एवढ्या शिक्षणाने घालवलं होतं. आणि पावडरीचं, बिस्किटाचं जाऊ दे, पण या नियमाने मी आणखी किती सिनेमांचे शेवट कापायला लावले, ते आता मोजता येणार नाही. ते फॉर्म केव्हाच रद्दीत गेले.

सोमवारी मी शहासाहेबांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, "प्रज्ञाबेन, रिपोर्ट गेला. गेलेला रिपोर्ट आपण उघडत नाही." मी म्हटलं, चूक आहे. ते म्हणाले, नियम तुमचाच आहे ना? मी म्हटलं, म्हणूनच सांगते आहे, दुसऱ्या कुणाचा असता तर मला एवढी खात्री नसती. ते बराच वेळ पेन उघडत-मिटत बसले. शेवटी म्हणाले, कंपनीचं नाव न घेता काय करायचं ते करा, आणि मला सांगू नका. सज्जन माणूस, म्हटलंच मी.

राणे त्या दिवशी अंधेरीतल्याच एका डबिंग स्टुडिओत होते. मी फॉर्मचा गठ्ठा घेऊन तिथे गेले. काचेपलीकडे एक भारदस्त आवाजाचा कलाकार हिंदीत सांगत होता की समुद्राच्या पोटात आपल्या आठवणी सुखाने राहतात. आवाज छान होता. मला त्या आवाजाचा अतोनात राग आला. राणे बाहेर आले आणि त्यांना जिन्यातच बसवून मी वाचायला लागले. आधी पहिलं वाक्य, मग पान उलटून पुढचं. टायरवाले फिटरसुद्धा वाचले. मागच्या बाजूला त्यांनी सांगितलं होतं की त्यांची बायको रोज दुपारी कपडे वाळत घालताना गाणं म्हणायची आणि त्या पाण्यातल्या बाईच्या हातात अगदी तसाच टॉवेल होता. टायर हे त्यांचं दार होतं.

सात-आठ झाल्यावर राण्यांनी हात वर केला. "बस, ताई." मग म्हणाले, "मी तुमच्या सहीवर विश्वास ठेवला होता."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "नियम माझा आणि सहीही माझी."

मी तीन आकडे मोजले. जुनी सवय.

मग त्यांनी सांगितलं की हिंदीचं आता बदलता येणार नाही. भागीदारांनी थिएटरवाल्यांना लांबी कळवून टाकली होती, खेळांच्या वेळा त्यावर बसल्या होत्या. पण मूळ जपानी, खाली इंग्रजी अक्षरं असलेला, पूर्ण नऊ मिनिटांचा, तो त्यांच्याकडे होता. तो लावायला कुणाला विचारायचं नव्हतं. अंधेरीतलं एक थिएटर त्यांच्या ओळखीचं होतं. आठवडाभर, सकाळचा एकच खेळ. "झकास चालेल असं नाही, रिकामा जाईल," ते म्हणाले. "पण लावतो."

मला ते पुरेसं वाटलं नाही, खरं सांगायचं तर आजही वाटत नाही. तुमच्या मुलांनी तो सिनेमा पाहिला असेल तर दोन मिनिटांच्या शेवटाचा पाहिला आहे, वर भारदस्त आवाजासकट. त्याला कारण मी आहे. माझी चूक तीन आठवडे आधी मला सापडली असती तर तसं झालं नसतं. असो. मी हिराबायला फोन केला आणि सगळं नीट समजावलं. दोन सिनेमे आहेत. हिंदीतला घ्याल तर घरं जवळजवळ नाहीत. दुसरा जपानी बोलतो आणि खाली इंग्रजी अक्षरं येतात, दीड तास काही कळणार नाही. मी वाट पाहिली. पलीकडे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"शेवटाला कोन बोलत नाय ना?" तिने विचारलं.

नाही म्हटलं.

"मंग झाला."

रविवारी सकाळी थिएटरात आम्ही पंधरा माणसं असू. हिराबाय पुढच्या बाजूला बसली होती, शेजारी प्रमिला, बारीक अंगाची, केसांत अबोलीचा गजरा, पदर घट्ट गुंडाळलेला. मी दोन रांगा मागे बसले. दीड तास हिराबाय सुनेच्या कानात गोष्ट सांगत होती. बरीचशी चुकीची. गणवेशातल्या माशांना प्रमिला हसली तेव्हा मला जरा धीर आला. मग बस समुद्रात शिरली आणि हिराबाय बोलायची थांबली.

नऊ मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. मी पडद्याकडे कमी आणि त्या दोन डोक्यांकडे जास्त बघत होते. दोघी सरळ बसल्या होत्या. कुणी रडलं नाही, कुणी कुणाचा हात धरला नाही. दिवे लागले, आणि मला वाटलं, गेलं, काहीच झालं नाही.

सवयीने मी दाराशी जाऊन उभी राहिले. दोघी बाहेर आल्या. हिराबायने मला ओळख दिली, सुनेला सांगितलं की हीच ती लिहिणारी बाई, आणि हसत म्हणाली, आजही काही समजलं नाही. मी हसले. प्रमिलाकडे पाहिलं. विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि विचारलंही नाही. नुसती उभी राहिले. माझ्या नजरेतच तो प्रश्न असावा, इतकी वर्षं विचारलेला.

"मना पन नाय समजला," प्रमिला म्हणाली.

मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. हिराबाय चपलेचा पट्टा बघत होती. मग प्रमिला सासूकडे वळून, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात बोलली.

"मना त्याचा तोंड दिसते."

हिराबायची मान वर आली. सहा वर्षं तिला पाठ दिसत होती. तिने सुनेचा दंड धरला. मला वाटलं आता ती कोसळणार. पण तिने फक्त विचारलं, "कसा दिसते? सांग मना."

आणि प्रमिला सांगायला लागली. थिएटरच्या पायऱ्या उतरताना, हळूहळू, दाढी वाढलेली असते की नाही, कुठला शर्ट असतो, हसतो तेव्हा काय करतो. हिराबाय मधेच थांबवून एकेक गोष्ट पुन्हा विचारत होती. पुढे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. वर्सोव्याला निघालेल्या दोन रिक्षा त्यांच्यापुढे थांबल्या, दोन्ही त्यांनी सोडून दिल्या आणि तिथेच फुटपाथवर उभ्या राहिल्या. माझ्या पर्समध्ये पेन होतं, कागदही होता. मी पर्स उघडली नाही.